चर खणण्याआधी : जमिनीखालच्या पाईपांविषयी तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की रस्ता न उकरताही जमिनीखालचा पाईप दुरुस्त करता येतो, प्रसंगी बदलताही येतो. त्यावर इतकी पत्रं आली, की हा अंक त्यांनाच द्यावा लागतोय. काहींना ते थाप वाटलं, काहींना जादू. दोन्ही नाही. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या ड्रेनेज विभागात गेली, त्यामुळे उत्तरं जरा चिखलातली आहेत. चालवून घ्या.

कोथरूडमधली आमची सोसायटी १९८० च्या दशकातली. मागची ड्रेनेज लाइन सारखी तुंबते. एका ठेकेदाराने सगळे पेव्हर ब्लॉक आणि बागेचा पट्टा उकरून नवी लाइन टाकायचं कोटेशन दिलंय. दुसरा म्हणतो, न खोदता आतून ‘लायनिंग’ करतो, पण पैसे जास्त. वाटेत उंबराचं मोठं झाड आहे. सर्वसाधारण सभेत दोन तट पडलेत. तुम्हीच सांगा. — सोसायटीचे सचिव, पुणे

दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा आणि दोघांना एकच विचारा : लाइनमध्ये कॅमेरा घातलात का? घातला नसेल तर दोघेही अंदाजपंचे बोलतायत, आणि तुमचे दोन तट दोन अंदाजांवरून भांडतायत.

त्या काळातली लाइन म्हणजे बहुतेक स्टोनवेअरचे पाईप. तपकिरी, चकचकीत, दोन-अडीच फूट लांबीचे. सांधे सुतळी आणि सिमेंटने भरलेले. पाईप स्वतः भलता चिवट असतो, अॅसिडलाही दाद देत नाही. हार मानतो तो सांधा, आणि सांधा दर दोन-अडीच फुटांवर आहे. सिमेंट झिजतं, बारीक फट पडते, तिथून ओल बाहेर झिरपते आणि उंबराला पत्ता लागतो. केसाएवढं मूळ आत शिरतं, आत त्याचा झुपका होतो, झुपक्यात सॅनिटरी पॅड, फडकी, भांडी घासायची जाळी असं सगळं अडकतं. रॉडिंगवाला (सळ्या घालून लाइन साफ करणारा) येतो, झुपका कापतो, पैसे घेऊन जातो. मूळ पुन्हा फुटतं. तुमच्या ‘सारखी तुंबते’मधलं ‘सारखी’ वाचून मला हाच संशय आला, पण संशयावर लाखांचं काम काढू नये.

आधी जेटिंग मशीनने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, लाइन धुऊन घ्या. गाळात कॅमेरा घालून गाळच दिसतो. मग एका चेंबरपासून दुसऱ्या चेंबरपर्यंत कॅमेरा चालवा आणि समितीतल्या दोघा-तिघांनी स्क्रीनसमोर उभं राहा. नंतर पेनड्राइव्हवर मिळणारं रेकॉर्डिंग कुणाच्या सोसायटीचं आहे ते कळत नाही. तिथे मुख्यतः एक गोष्ट बघायची : कॅमेरा मध्येच पाण्यात बुडतो का? वरून कुणी पाणी सोडलेलं नसतानाही ठरावीक टप्प्यात तो बुडत असेल, तर तिथे खालची भर खचून पाईप बसलाय, ढाळ गेलाय. तडे, मुळं, उघडे सांधे यांवर आतून इलाज आहे. गेलेल्या ढाळावर आतून इलाज नाही, कारण आतला नवा थर जुन्या पाईपचाच आकार घेतो. पाईप बसला असेल तर अस्तरही बसलेलंच होणार, फक्त गुळगुळीत. आणि पाईप चिरडून चपटा झाला असेल तर तेवढा तुकडा खोदून बदलावाच लागतो.

आता लायनिंग म्हणजे काय ते. पॉलिएस्टरच्या जाड नमद्याची लांब नळी करतात, ती रेझिन नावाच्या, पुढे कडक होणाऱ्या चिकट द्रवात भिजवतात आणि चेंबरमधून पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने जुन्या पाईपमध्ये ढकलतात. शर्टाची बाही उलटी करताना आतली बाजू बाहेर येते, तशी ही नळी उलटत उलटत पुढे सरकते आणि रेझिनची ओली बाजू जुन्या पाईपला चिकटते. मग आत गरम पाणी किंवा वाफ फिरवून, नाहीतर अतिनील दिव्यांची माळ ओढत नेऊन ते रेझिन कडक करतात. काही तासांत जुन्या पाईपच्या आत सांधा नसलेला नवा पाईप तयार. एरिक वुड या इंग्रज इंजिनिअरने १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या एका जुन्या गटारात हे पहिल्यांदा केलं. म्हणजे तुमच्या सोसायटीपेक्षा ही पद्धत वयाने मोठी आहे. सभेत कुणी ‘हे नवीन खूळ’ म्हणालं तर एवढं सांगा. असं अस्तर साधारण ५० वर्षांचं आयुष्य धरून डिझाइन करतात. जाडीमुळे पाईप थोडा अरुंद होतो, पण सांधे आणि खरबरीतपणा गेल्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा बरं वाहतं.

ठेकेदार सांगत नाहीत ती गोष्ट अशी, की अस्तर घातल्यावर प्रत्येक इमारतीची जोडणी आतून बंद होते. मग कॅमेऱ्याबरोबर एक छोटा कटर आत पाठवून त्या जागा कापून मोकळ्या करायच्या असतात. म्हणून कामाआधी कुठली जोडणी चेंबरपासून किती मीटरवर आहे, याची यादी कॅमेऱ्यावरून करून घ्या. एखादी राहिली, तर त्या इमारतीच्या तळमजल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कळेल. करारात चार ओळी घाला : अस्तराची जाडी किती, जोडण्या कोण उघडणार, कामानंतर पुन्हा कॅमेरा, आणि शेवटचं बिल त्या दुसऱ्या रेकॉर्डिंगनंतर.

कामाच्या दिवशी रेझिनमधल्या स्टायरिनचा उग्र वास येतो, डोळेही चुरचुरतात. तो वास घरात शिरतो तो कोरड्या पडलेल्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या बाकातून. बंद फ्लॅटवाल्यांकडून चावी घेऊन प्रत्येक बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओतून ठेवा. कामाच्या वेळेत कुणी फ्लश करायचं नाही, अंघोळ नाही, वॉशिंग मशीन नाही. ही नोटीस लिफ्टपाशी लावूनही कुणीतरी अंघोळ करतंच. एक माणूस जिन्यात उभा करा.

माझा कौल विचाराल तर तुमच्याकडे बहुधा दोन्हींची मिसळ निघेल. पाईप बसलेला टप्पा असेल तर तेवढाच खोदा, बाकीच्याला अस्तर. उंबराच्या बुंध्याजवळून मात्र चर नेऊ देऊ नका. एका बाजूची मुळं तुटलेलं झाड पुढच्या वादळात भरवशाचं राहत नाही, आणि झाड काढायचं म्हटलं तर १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अस्तरामुळे झाड आणि ड्रेनेज दोन्ही जागच्या जागी राहतात. मला तरी तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे पटतात.

आमच्या गल्लीत रस्ता न खोदता ड्रिल मारून गॅसचा नारिंगी पाईप ओढला. तेव्हापासून आमच्या बंगल्याचं ड्रेनेज तुंबतंय. प्लंबर म्हणतो, उद्या फिरतं कटर घालून मोकळं करतो. घालू द्यावं का? — नाशिक

नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबले नाही. तुम्हाला त्याच दिवशी फोनवर कळवलंय. इथे बाकीच्यांसाठी लिहिते.

ड्रिल मारून पाईप ओढायच्या पद्धतीत आधी एक बारीक भोक जमिनीखालून आडवं नेतात. ड्रिलच्या टोकाशी संदेश पाठवणारा ट्रान्समीटर असतो. वर रस्त्यावर एक माणूस यंत्र हातात घेऊन चालतो आणि टोक कुठे, किती खोल आहे ते सांगतो. पलीकडे टोक बाहेर आलं की मोठं पातं लावून भोक रुंद करतात आणि परत येताना त्यातून पाईप ओढतात. मार्टिन चेरिंग्टन यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात पहारो नदीखालून अशी पहिली गॅसलाइन नेली. झकास पद्धत आहे, रस्ता शाबूत राहतो. पण ड्रिल चालवणाऱ्याला स्वतःच्या ड्रिलचं टोक दिसतं, वाटेतलं दुसरं काही दिसत नाही. मोठी जलवाहिनी नकाशावर असते. तुमच्या बंगल्यापासून चेंबरपर्यंतचा सहा इंची पाईप कुठल्या नकाशावर आहे? ड्रिल स्टोनवेअरमधून आरपार जातं आणि वर यंत्रावरच्या माणसाला धक्कासुद्धा जाणवत नाही.

मग गॅसचा पाईप ड्रेनेजच्या पोटातून आडवा जातो. महिनोन्‌महिने काही होत नाही. हळूहळू त्याला मैला अडकतो, लाइन तुंबते, प्लंबर कटर घालतो आणि कटरखाली येतो प्लॅस्टिकचा गॅस पाईप. गॅसला घरात यायला ड्रेनेजचा हमरस्ता मोकळाच असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावात १९७६ मध्ये अशाच आरपार गेलेल्या पाईपमुळे घराचा स्फोट होऊन माणसं गेली.

तेव्हा गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवा (गल्लीत मार्कर लावलेला असतो, त्यावर असतो) आणि त्यांच्यासमोर कॅमेरा घाला. नारिंगी किंवा पिवळं काही आडवं दिसलं तर त्यांनी लाइन बंद करून पाईप हलवायचा आणि तुमचं ड्रेनेज जोडून द्यायचं, त्यांच्या खर्चाने. काही नाही दिसलं, तर प्लंबरला खुशाल बोलवा.

आमच्याकडे रस्ता डांबरी झाला की महिन्याभरात कुणीतरी उकरतो. पाणी, मग केबल, मग ड्रेनेज. हे सगळं न खोदता करायची सक्ती का होत नाही? — सांगली

तुमचा राग रास्त आहे, आणि सक्ती हा त्यावरचा उपाय नाही.

आधी माती. सांगलीत काळी माती खोल आहे, तिच्यात आडवं ड्रिल लोण्यासारखं जातं, म्हणून केबल आणि प्रेशरच्या पाण्याच्या लाइनी तुमच्याकडे खरोखरच न खोदता टाकाव्यात. पुण्यात हात-दोन हात मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे तेच ड्रिल रखडतं आणि खर्च चढतो. शिवाय ड्रेनेज दाबावर नाही, ढाळावर वाहतं. ड्रिलने ओढलेली लाइन थोडी वर-खाली होते. पाण्याला आणि केबलला ते चालतं, मैल्याला नाही. ड्रेनेजसाठी न खोदता जायचं तर लेझरने दिशा धरून काँक्रीटचे पाईप एका शाफ्टमधून (खोल उभ्या खड्ड्यातून) जॅकने रेटत न्यायचे, म्हणजे मायक्रोटनेलिंग. ते महाग आणि मोठ्या, खोल लाइनींनाच परवडणारं. काळ्या मातीची आणखी एक खोड : पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाईपचे सांधे ओढून उघडे करते. तिथे वेल्ड करून अखंड केलेला एचडीपीई, म्हणजे चिवट प्लॅस्टिकचा, पाईप बरा.

आता खरं दुखणं. पाणी, ड्रेनेज, रस्ता यांची लेखाशीर्षं वेगळी, निधी येण्याचे महिने वेगळे. रस्त्याचा निधी मार्चपूर्वी संपवायचा म्हणून डांबर आधी पडतं. ड्रेनेजची मंजुरी एप्रिलात येते. या दोन फायली एका टेबलावर याव्यात म्हणून मी नोकरीत जितकी पत्रं लिहिली, तितके पाईप टाकले नसतील.

जमिनीखाली काय आहे हे न बघता खणण्याची सवय तर सगळीकडचीच. ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईला पाणी नेणाऱ्या खोल जलबोगद्याला भोक पडलं, आणि दुरुस्तीसाठी २०२३ च्या एप्रिलात मुंबईत महिनाभर १५ टक्के पाणीकपात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी अंधेरीत मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. ऑप्टिकल फायबर तर देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा तुटतं आणि तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनेच सांगितलंय. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आलं : खणणाऱ्याने आधी जागा कळवायची, ज्यांच्या लाइनी तिथे आहेत त्यांनी उत्तर द्यायचं. चांगली गोष्ट आहे. पण महापालिकेने स्वतःच्या लाइनींचे नकाशे भरलेच नाहीत तर अॅप काय सांगणार? तुमच्या नगरसेवकाला ‘रस्ता का उकरला’ हे विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. ‘आपल्या प्रभागातल्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींचा नकाशा दाखवा’ म्हणा. आणि नवा रस्ता होत असेल तर डांबर पडण्याआधी दर शे-दोनशे फुटांवर रस्त्याखालून आडवे रिकामे पाईप टाकून ठेवायला सांगा. पुढची जोडणी त्यांतून जाते. याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, थोडे रिकामे पाईप लागतात.

गिरगावात चाळीत राहतो. पाणी आलं की पहिली पाच-दहा मिनिटं गढूळ येतं, कधी वासही येतो. पालिका म्हणते, मुख्य जलवाहिनी ठीक आहे. मग ती आतून अस्तर लावून का घेत नाहीत? — मुंबई

पालिका बहुतेक खरं बोलतेय, पण अर्धंच. तुमच्या हाऊस गल्लीत (दोन इमारतींमधल्या मागच्या अरुंद बोळात) जाऊन बघा : भिंतीलगत जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाईपांचा जुडगा असेल, गंजलेला, आणि त्यातले निम्मे गटारातून किंवा गटाराला खेटून जात असतील. पाणी ठरावीक तास येतं. ते बंद झालं की पाईप रिकामा होतो, आत ओढ निर्माण होते आणि जिथे गंजून भोक पडलंय तिथून गटारातलं पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याबरोबर ते आधी तुमच्या नळाला येतं. पहिली पाच-दहा मिनिटं, मग स्वच्छ, हे याचंच लक्षण. मुख्य वाहिनीला सोन्याचं अस्तर लावलं तरी हे थांबणार नाही.

मुख्य वाहिनीसाठी पद्धती आहेत. बिडाच्या जुन्या पाईपमध्ये गंजाच्या गाठी होतात, त्या खरवडून आत सिमेंटचा थर देतात. किंवा जुना पाईप आतून फोडत पुढे जाणारं शंकूच्या आकाराचं डोकं ओढतात आणि त्याच्या मागोमाग नवा पाईप त्याच जागी येतो. ही दुसरी पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बिडाच्या गॅसलाइनी बदलायला निघाली. पण गिरगावात दर चार पावलांवर इमारतीची जोडणी आहे आणि प्रत्येक जोडणीपाशी खड्डा घ्यावाच लागतो. मग ‘न खोदता’ म्हणायचं आणि ओळीने खड्डे, असं होतं.

टोकियोने गळती तीन-चार टक्क्यांवर आणली, त्यात घराघरांपर्यंतचे शिशाचे पाईप काढून स्टेनलेस स्टीलचे घालण्याचा मोठा वाटा आहे. तुमच्याकडेही भर ह्या बारक्या पाईपांवरच हवा. चाळीने मिळून अर्ज करा : सगळे सुटे जीआय काढून एकच मोठ्या व्यासाची जोडणी, गटारापासून वर, भिंतीवर, डोळ्यांना दिसेल अशी. डोळ्यांना दिसणारा पाईप दुरुस्त होतो. तोवर पहिलं पाणी फरशीला वापरा आणि पिण्याचं उकळा. पाण्यातलं क्लोरिन तपासायचा क्लोरोस्कोप स्वस्तात मिळतो. नळाशी उर्वरित क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी दाखवत असेल, तर तारीख-वेळ लिहून वॉर्ड ऑफिसात द्या. ‘पाणी घाण येतं’ या तक्रारीपेक्षा तो कागद लवकर हलतो.

मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. ट्रेंचलेस (चर न खोदता पाईप टाकणं) म्हणजे पर्यावरणपूरक असं आम्हाला शिकवतात. खरंच तसं आहे, की कंपन्यांची जाहिरात? — कराड

थोडं गणित कर. तीन फूट रुंद, पाच फूट खोल, शंभर मीटर लांब चर, म्हणजे साधारण १३५ घनमीटर माती. खणल्यावर ती फुगते, पाव पट वाढ धर. सहा घनमीटरच्या टिपरने ती हलवायला २८ फेऱ्या. आपल्याकडे उकरलेला माल फेकून नवा मुरूम आणायची रीत आहे, म्हणजे परत जवळजवळ तेवढ्याच. वर खडी, डांबर, आणि महिनाभर कोंडीत धूर सोडणाऱ्या गाड्या. ट्रेंचलेसमध्ये दोन खड्डे. इथवर जाहिरात खरी आहे.

पुढचं जाहिरातीत नसतं. अस्तराचं रेझिन पेट्रोलियममधून येतं. ते कडक करायला वापरलेलं गरम पाणी स्टायरिनसकट नाल्यात सोडलं तर नाल्यातल्या जिवांचं कठीण. ड्रिलला बेंटोनाइट या चिकणमातीचा गाळ लागतो. तो टँकरने परत न्यायचा असतो, पण रात्री अकरा वाजता तो कुठे जातो हे मी पाहिलेलं आहे. म्हणून निविदेत गाळाच्या विल्हेवाटीसाठी वेगळी बाब आणि वेगळा दर असावा. एकूण रकमेत गुंडाळली की ती नाल्यात गेली समज.

आणि मोकळ्या माळावरच्या नव्या ले-आउटला ट्रेंचलेसचा हट्ट कशाला? तिथे नीट खोद. चर अरुंद घे, निघालेला मुरूम चाळून पुन्हा वापर, पाईपभोवती नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) घाल. शहरात खोदावंच लागलं तर औष्णिक केंद्रांतली राख, थोडं सिमेंट आणि पाणी यांचं पातळ मिश्रण ओतून चर भरता येतो. ते आपोआप बसतं, धुम्मस (ठोकून दाबायचं अवजार) लागत नाही, आणि त्याची ताकद मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे पुढे कुणाला उकरायचं झालं तर ब्रेकर आणावा लागत नाही. एकलहरे, कोराडी, दीपनगर इथे राखेचे डोंगर आहेत आणि आपण टेकड्या फोडून मुरूम आणतोय.

सुट्टीत पुण्याला आलास तर कात्रजच्या पेशवेकालीन नळाची माहिती काढ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत दगड-विटांचा भुयारी नळ आणला. मोठा भाग माणूस आत चालू शकेल असा, जागोजागी उच्छ्वास (हवा खेळायला वर उघडणारे झरोके), गाळ बसायला जागा. दुरुस्तीसाठी वरचा रस्ता फोडायची गरजच नाही. पुढच्या माणसाला आत कसं जाता येईल, याचा विचार बांधतानाच केलेला होता. तुझ्या प्रोजेक्टला हा विषय घे; डिझाइनमध्ये ‘देखभाल’ हे प्रकरण शेवटी का येतं, हेही त्यात विचार.

माझे मामा ड्रेनेज साफ करायला चेंबरमध्ये उतरतात. मुकादम म्हणतो, खोल लाइनीला मशीन चालत नाही. खरं आहे का? — सोलापूर

खोटं आहे. जेटिंग, सक्शन, ग्रॅब बकेट, कॅमेरा हे सगळं खोल लाइनीला चालतं. केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८ मध्ये बाजारात आणलेला बँडिकूट रोबोट तर मॅनहोलमध्ये उतरून हाताने काढायचा गाळ काढतो. मशीन ‘चालत नाही’ म्हणजे त्या दिवशी मागवलेलं नाही.

मामांना सांगा : सडक्या अंड्यांचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नव्हे. काडी पेटवून बघणं, झाकण उघडून तासभर थांबणं, यावर जीव टाकू नये. एक बेशुद्ध झाला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. संरक्षक साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलंय. मुकादमाला तो आकडा ऐकवा, त्याला मशीन आठवेल. नाहीच ऐकलं तर १४४२० या हेल्पलाइनवर तक्रार करा. तक्रार तुम्ही करा, मामांना करायला लावू नका. रोजंदारी त्यांची जाते.

पाण्याच्या कामाचा चर पावसाआधी घाईने बुजवला, आता दारात खचलाय. दुचाक्या पडतात. कुणाकडे जावं? — बदलापूर

चर एका दमात मातीने भरून वरून डांबर फासलं की हेच होतं. सहा-आठ इंचांचा थर, पाणी, धुम्मस, मग पुढचा थर, असं भरायचं असतं. फोटो काढा, त्यात दाराचा क्रमांक किंवा विजेचा खांब दिसू दे. अर्जात ‘खड्डा’ लिहू नका, खड्डा रस्ते विभागाकडे जातो आणि ते पाणीपुरवठ्याकडे बोट दाखवतात. ‘जलवाहिनीचा चर खचला’ असं लिहा आणि अर्ज थेट पाणीपुरवठा विभागात द्या. त्या कामाचा दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करायची मुदत) संपलाय का, हेही लेखी विचारा. संपला नसेल तर ठेकेदाराची अनामत अजून विभागाकडे आहे आणि तो स्वतःच्या खर्चाने भरायला येतो. आज तिथे चुन्याची फक्की टाकून एक ड्रम उभा करा.